टिल्लीचे चार दिवस

आत्या आमच्याकडे आली एप्रिलच्या सुरुवातीला आणि टिल्ली आली त्यानंतर पंधरा दिवसांनी. दोघींचं एकमेकींशी पटणार नाही, यावर घरात एकमत होतं. घर म्हणजे नॉटिंगहॅमच्या एका चढावरचं जोडघर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्याच्यामागे धुण्याचं यंत्र आणि गमबूट ठेवायची अरुंद युटिलिटी रूम, आणि तिचं दार उघडलं की लांबट बाग. आई आणि बाबा एकाच हॉस्पिटलात होते. आई बाळंतपणं करायची आणि बाबा माणसांना झोपवायचे. भूलतज्ज्ञ हा शब्द बाबांना आवडत नसे, झोपवणारा माणूस अशीच ते स्वतःची ओळख करून देत. दोघांच्या ड्यूट्या फ्रिजवर लावलेल्या असत आणि आज जेवायला घरी कोण आहे हे मला त्या कागदावरून कळे. कुकरच्या शिट्ट्या, आईच्या ब्लीपचा, म्हणजे हॉस्पिटलच्या पेजरचा, चिवचिवाट आणि ओट्यावरच्या पंख्याची घरघर, एवढाच आमच्या घराचा आवाज होता. आत्या आली आणि त्यात तिचं पुटपुटणं मिसळलं. पहाटे उठून ती स्तोत्रं म्हणे, आणि तीच स्तोत्रं पुढे दिवसभर भाजी चिरताना, पोळ्या लाटताना तुकड्यातुकड्यांनी चालू राहत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कऱ्हाडला शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नसलेली. सहा महिन्यांच्या व्हिसावर आली ती दोन बॅगा मेतकूट, गोडा मसाला आणि तांब्याचं पूजेचं तबक घेऊन. आमचं देवघर म्हणजे डायनिंग रूममधल्या कपाटाचा वरचा कप्पा. तिथे गणपतीच्या शेजारी बाबांच्या गाडीच्या जादा किल्ल्या असत. आत्याने पहिल्याच दिवशी किल्ल्या हलवल्या. आई कन्सल्टंट होती, तिच्या हाताखाली दहाबारा डॉक्टर होते, पण नणंद आली की ती निमूट होई. तिच्या पाळीच्या दिवसांत ती न बोलता देवघराकडे जाणं टाळू लागली आणि मलाही तेच करायला सांगितलं. मी चिडून विचारलं, तू स्वतः गायनॅक आहेस ना? तर म्हणाली, सहा महिन्यांचा प्रश्न आहे, शुभू, तेवढ्यासाठी त्यांचं मन कशाला दुखवायचं.

टिल्ली शेजारच्या मिसेस हॉलंडची. दोन वर्षांची, तपकिरी-पांढरी, आखूड पायांची, एक कान उभा आणि एक पडलेला. मिसेस हॉलंडचं खुब्याचं हाड मोडलं. लेकीने तिला ज्या फ्लॅटमध्ये हलवलं तिथे कुत्री चालत नव्हती. बाबा सहज चौकशीला म्हणून गेले आणि पट्टा हातात घेऊन परत आले. आईने आधी टिल्लीचे चिखलाचे पाय पुसले. मग म्हणाली, हिचं सगळं शुभूनं बघायचं. मला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून कागदोपत्रीसुद्धा टिल्ली माझ्याच नावावर झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाच्या तरी फॉर्मवर मालक म्हणून सही केली आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

कुत्रं दारात शोभतं, घरात नाही, असं आत्याने जाहीर केलं. ते जेमतेम तीन आठवडे टिकलं. कुकरची शिट्टी झाली की टिल्ली थरथरत येऊन आत्याच्या पायांमध्ये शिरायची, आणि पायाशी आलेल्या जिवाला लाथाडणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. मग पहिली पोळी टिल्लीची ठरली. मग पोळीला तूप लागायला लागलं. मग एकदा मी कॉलेजातून आले तर आत्या जमिनीवर मांडी घालून बसलेली आणि टिल्ली तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून स्तोत्र ऐकत होती. मला पाहून आत्या म्हणाली, "मी नाही घेतलं हो तिला, तीच येऊन बसली." माझ्या त्या वेळच्या धेडगुजरी मराठीत मी टिल्लीला कधी 'तो', कधी 'ते' म्हणायचे. आत्या प्रत्येक वेळी 'ती' म्हणून दुरुस्त करायची. आज हे सगळं मराठीत लिहिते आहे ते तिच्या त्या टोकण्यामुळे, आणि पुढे पंधरा वर्षं तिने माझी पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवली त्यामुळे.

जूनमध्ये माझ्या परीक्षा संपल्या, त्याच आठवड्यात हॉलच्या फिक्या गालिच्यावर लाल ठिपके दिसले. मी घाबरले, टिल्लीला काही लागलं असं वाटलं मला. आत्याने एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, तिची पाळी आली आहे, चार दिवस बाजूला बसव. आम्ही सगळे हसलो. बाबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण गालिच्याचाही प्रश्न होताच, तेव्हा टिल्लीची टोपली युटिलिटी रूममध्ये गेली, तिच्यात जुना टॉवेल घातला आणि दाराला लाकडी फळी आडवी लावली. आत्या फळीच्या अलीकडून वरून पोळी टाकायची, तिला शिवायची नाही. टिल्ली फळीवर पुढचे पाय ठेवून केविलवाणी बघायची. आत्या तिला म्हणायची, "आम्ही काढले तसे तूही काढ, बाई. चार दिवसांचं काय एवढं."

आणि पाचव्या दिवशी आत्याने तिला न्हायला घातलं. युटिलिटी रूमच्या खोलगट सिंकमध्ये उभं करून, कोमट पाण्याने, कानात पाणी जाऊ नये म्हणून एका हाताने कान दाबून धरून. टिल्ली इतकी गप्प उभी होती की मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात आत्याचा पदर खोचलेला आहे आणि टिल्ली ओल्या उंदरासारखी दिसते आहे. ठिपके कमी झाले होते, जवळजवळ थांबलेच होते. संध्याकाळी आई ड्यूटीवरून आली, तिने फळी काढलेली पाहिली आणि हसून म्हणाली, "झाली का मोकळी?" बागेचं दार उघडं राहिलं. आम्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही की कुत्रीचं गणित बाईसारखं नसतं. तिचं रक्त कमी होतं तेव्हा खरी जोखीम सुरू होते. तिला जपायचं असतं ते दुसऱ्या आठवड्यात. आमच्याकडे चार दिवस होते, पाचव्या दिवसाचं न्हाणं होतं आणि घरात एक स्त्रीरोगतज्ज्ञ होती. एवढं सगळं असल्यावर पुस्तक उघडून बघायची गरज कुणाला वाटणार.

त्यानंतर पाचसहा दिवसांनी दुपारी मी सिंकपाशी भांडी विसळत होते. आत्या पुढच्या खोलीत आडवी झाली होती. खिडकीतून बाग दिसायची. कुंपणाची एक फळी खालून सुटलेली होती आणि तिच्या खालून मागच्या घरातला बस्टर आत आला होता. बस्टर म्हणजे काळा-पांढरा, दाढीवाला, अत्यंत सभ्य चेहऱ्याचा कुत्रा. मी पाहिलं तेव्हा ती दोघं एकमेकांकडे पाठ करून, जखडल्यासारखी उभी होती. टिल्ली माझ्याकडे बघत होती. मी काचेवर टकटक केली. मग बाहेर गेले आणि नुसतीच उभी राहिले. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पंधरावीस मिनिटांनी बस्टर आला तसा निघून गेला आणि टिल्ली गवतात लोळली. मी फळीला एक कुंडी लावली. आत आले तर आत्याने झोपेतून विचारलं, काय गं, कसला आवाज. मी म्हटलं, कुंडी पडली.

हे मी कुणालाच का सांगितलं नाही, हे आज कुणाला पटणार नाही. माझी आई दिवसाला दहा वेळा गर्भाशय हा शब्द उच्चारायची. पण तो हॉस्पिटलातला शब्द होता. मी जे पाहिलं त्यासाठी आमच्या घरातल्या मराठीत शब्दच नव्हता, आणि इंग्रजीतला शब्द आत्यासमोर, बाबांसमोर जिभेवर येणं शक्य नव्हतं. जेवताना मी एकदा तोंड उघडलं होतं. बाबा म्हणाले, बोल. मी म्हटलं, मीठ द्या. शिवाय टिल्ली माझ्या नावावर होती. तिचं सगळं मी बघायचं ठरलं होतं आणि मी काचेवर टकटक करत बसले होते.

पिल्लं होऊ नयेत म्हणून टिल्लीचं ऑपरेशन करून टाकायचं हे गालिच्यावरच्या ठिपक्यांपासून ठरलेलंच होतं. आईने ते काम माझ्याकडे दिलं. मी व्हेटच्या दवाखान्यात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, सीझन, म्हणजे कुत्रीची पाळी, होऊन तीन महिने झालेले हवेत. तीन महिने म्हणजे सप्टेंबरचा शेवट, तेव्हा मी युनिव्हर्सिटीत आणि आत्या कऱ्हाडला. मी म्हटलं, झाले तीन महिने. तिने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली. मला तेव्हा संशय होता का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याचं उत्तर खरं आहे की घासून घासून गुळगुळीत झालेलं, तेच कळत नाही. टिल्ली जाड झाली होती. आत्याच्या तुपामुळे, असं सगळे म्हणत आणि मी सगळ्यांत मोठ्याने म्हणत असे. संशय दारापर्यंत यायचा. मी त्याला आत घेतलं नाही, एवढंच खात्रीने सांगू शकते.

ऑपरेशनच्या सकाळी आई मला आणि टिल्लीला दवाखान्याशी सोडून पुढे कामाला गेली. निळ्या कपड्यांतल्या नर्सने फॉर्म भरायला घेतला आणि पेन वर न उचलता विचारलं, शेवटचा सीझन कधी झाला. मी म्हटलं, बरेच दिवस झाले. ती म्हणाली, तीन महिने? मी मान हलवली. आज मी ब्रॅकनेलला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. शेवटची पाळी कधी आली, हा प्रश्न मला रोज कुणाला ना कुणाला विचारावा लागतो. आणि समोरची मुलगी दुसरीकडे बघत म्हणाली की बरेच दिवस झाले, तर मी कीबोर्डवरून हात काढून घेते आणि थांबते. दाराबाहेर रांग असते, एका पेशंटची दहा मिनिटं कधीच पुरत नाहीत, तरी थांबते.

अकराच्या सुमारास घरचा फोन वाजला. आत्या जेवणाच्या टेबलाशी घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. फोनवर व्हेट होती. तरुण, स्कॉटिश हेल काढून बोलणारी, अगदी प्रेमळ आवाजाची. तिने आधी विचारलं, मी शुभदाशीच बोलते आहे ना, टिल्लीच्या ओनरशी. मग म्हणाली, काळजी करू नकोस, टिल्ली ठीक आहे, तिला भूल दिली आहे, पण पोट हाताला वेगळं लागलं म्हणून स्कॅन केला तर ती प्रेग्नंट निघाली. साधारण पाच आठवडे. आता दोन मार्ग आहेत, म्हणाली. आत्ता तिला जागं करायचं आणि पिल्लं होऊ द्यायची, किंवा ठरल्याप्रमाणे पुढे जायचं, मग पिल्लं राहणार नाहीत. दोन्ही सुरक्षित आहेत, पण ती टेबलावर आहे तेव्हा मला उत्तर लवकर हवंय. मी विचारलं, "पपीज? हाऊ मेनी?" ते मी का विचारलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "फाइव्ह, आय थिंक. आय अ‍ॅम सॉरी, लव्ह."

आईला फोन करता आला असता. ती त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये होती, पण हॉस्पिटलच्या स्विचबोर्डला सांगून ब्लीप करता येत असे, तो नंबर फोनच्या वर भिंतीवर लिहिलेला होता आणि बोलताना माझी नजर त्याच्यावरच होती. मी विचार केला तो असा: पिल्लं झाली तर दिवस मोजले जातील. दिवस मोजले तर कुंडीपर्यंत येतील. पाच पिल्लांना काय खायला घालायचं, ती कुणाला द्यायची, टिल्लीच्या जिवाला काय सोसेल, यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. ते सगळं मी नंतर, स्वतःला पटवण्यासाठी जमवलं. त्या क्षणी मनात होती ती फक्त माझी अब्रू. मी म्हटलं, "येस. गो अहेड." फोन ठेवला तेव्हा आत्याने शेंगेची शीर ओढता ओढता विचारलं, काय म्हणाली गं ती? मी म्हटलं, काही नाही, सगळं ठीक आहे. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांमध्ये मान घातली.

संध्याकाळी टिल्ली घरी आली ती गळ्याभोवती प्लॅस्टिकचा मोठा कोन घालून, दारांच्या चौकटींना धडकत. पोटावरचे केस काढलेले, खाली गुलाबी कातडीवर लांब टाके. डिस्चार्जचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला होता, पण आईला कागद वाचायची सवय. औषधं किती वाजता द्यायची ते बघू, म्हणून तिने तो मागून घेतला. ती ओट्याला टेकून वाचत होती. एका ओळीवर थांबली. मग तिने चष्मा लावून ती ओळ परत वाचली. बाबांनी विचारलं, काय झालं. आई म्हणाली, "पोटात पिल्लं होती. आपल्याला कळलंच नाही." तिने मला विचारलं, त्यांनी तुला सांगितलं का. मी म्हटलं, नंतर सांगितलं. हे खोटं इतकं अलगद आलं की मला माझीच भीती वाटली.

मग जे झालं ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. प्रत्येकजण चूक स्वतःकडे ओढू लागला. बाबा म्हणाले, कुंपणाची फळी मार्चपासून सुटली आहे, मीच ठोकली नाही. आईने आत्याला सगळं मराठीत समजावलं, तेव्हा आत्या उठून टिल्लीच्या टोपलीशी जाऊन बसली. मग म्हणाली, चार दिवस मी सांगितले होते. आई म्हणाली, तुमचं काय, वन्सं, तुम्ही डॉक्टर थोड्याच आहात, कळायला मला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलच्या लायब्ररीतून कुत्र्यांच्या प्रजननावरचं एक पान छापून आणलं आणि ते वाचून फ्रिजवर ड्यूटीच्या कागदाशेजारी लावलं. ते तिथे महिनाभर होतं. दूध काढायला गेलं की समोर यायचं.

तीनचार दिवसांनी टिल्लीला दूध आलं. असं होतं, व्हेटने सांगितलं, शरीराला वाटतं बाळंतपण झालं. आत्या घरात गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे घालायची, ऑगस्टमध्येसुद्धा. त्यातला करड्या रंगाचा एक मोजा टिल्लीने कुठूनसा पळवला आणि टोपलीत नेऊन पोटाशी घेतला. कोन मध्ये येत असल्यामुळे तिला तो चाटता येईना, म्हणून ती त्याच्यावर नुसती मान ठेवून पडून राही. बाबा जवळ गेले तरी गुरगुरायची. आत्याने काही न विचारता तिच्यासाठी वेगळं शिजवायला घेतलं. मऊ भात, साजूक तूप, नाचणीची पातळ पेज. आई म्हणाली, वन्सं, इतकं तूप नको, टाके आहेत. आत्या म्हणाली, "पोटातलं गेलं तरी ती ओली बाळंतीणच आहे. तिला बाळंतिणीचंच द्यायचं." डॉक्टर असलेल्या माझ्या आईने तुपाची बरणी तिच्याकडे सरकवली.

त्यात माझा निकाल लागला. मला मेडिसिनला प्रवेश मिळाला, घरात पेढे झाले, कऱ्हाडला फोनकार्ड खरवडून खरवडून फोन झाले. सगळे म्हणाले, आईवर गेली. मी हसून पाया पडत होते आणि पाया पडताना दर वेळी युटिलिटी रूमचं दार नजरेला पडत होतं.

सप्टेंबरमध्ये गणपती बसले. दीड दिवसाचा आमचा गणपती, पण नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर इथली सगळी मराठी डॉक्टर मंडळी आरतीला आमच्याकडे. चपलांचा ढीग दाराबाहेरच्या पायरीपर्यंत, आत्याचे उकडीचे मोदक, बायकांच्या रेशमी साड्यांवर स्वेटर. जेवणं झाल्यावर कुणीतरी टिल्लीची चौकशी केली आणि आईने ती गोष्ट सांगायला घेतली. ती छान सांगायची. फळी, पोळी, पाचव्या दिवसाचं न्हाणं, लोक खोखो हसत होते. आत्याला लागू नये म्हणून तिने चार दिवसांचा सगळा वेडेपणा स्वतःच्या अंगावर घेतला. शेवटी म्हणाली, "बघा ना, आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं तपासली आणि घरातलं पोट कळलं नाही. आता मेडिकल कौन्सिलने माझं लायसन्स काढून घ्यायला हवं." परत हशा झाला. आईही हसली आणि रिकाम्या वाट्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती सिंकपाशी उभी होती, नळ चालू होता, आणि ती काहीच धूत नव्हती. मी आले तशीच परत फिरले.

आत्या निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या बॅगेवर बसून चेन लावत होते. ती खाली बसून मोजे गुंडाळत होती, एक जोडी सोडून. तिने मान वर न करता म्हटलं, "त्या दिवशी फोनवर तू 'पपीज' म्हणालीस. मग किती वेळ गप्प होतीस. मग 'येस' म्हणालीस. तेवढं इंग्रजी मला येतं, शुभू."

मी बॅगेवरून खाली उतरले. मग मी तिला सगळं सांगितलं, बस्टरपासून, कुंडीपासून, तुटक्या मराठीत आणि मध्येमध्ये इंग्रजीत, जे तिला समजलं असेल-नसेल. तिने मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, लहान आहेस. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, माझंही सहाव्या महिन्यात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी मला धुण्याला बसवलं. कुणी डिंकाचे लाडू केले नाहीत, कुणी त्याचं नावही काढलं नाही, जसं काही झालंच नव्हतं. मला राग त्याचा होता, गेल्याचा नव्हता. मग मोज्यांचा गोळा बॅगेच्या कोपऱ्यात खुपसत म्हणाली, "तू चुकलीस. ते काही पुसलं जायचं नाही. पण तुझी आई तुझं ओझं घेऊन हसते आहे. तेवढं तरी तिच्या डोक्यावरून काढ."

आम्ही तिला हीथ्रोला सोडलं. विमानतळावर तिच्या साडीखाली एक मोजा करडा आणि एक तपकिरी होता. करड्याचा जोडीदार तिने टिल्लीच्या टोपलीत राहू दिला होता. मी तिकडे पाहते आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने पदर सारखा करून ट्रॉली पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी आईला सुट्टी होती. माझं सामान भरायचं होतं. ती युटिलिटी रूममध्ये माझ्या चादरींना इस्त्री करत होती आणि टिल्ली तिच्या पायाशी पडली होती. कोन निघाला होता, पोटावर नवे केस आले होते. मी दारात उभी राहिले, फळी असायची त्याच जागी. मी आईला सांगितलं की मी बागेत पाहिलं होतं. की तीन महिने झाले असं मी खोटं सांगितलं. की व्हेटने ऑपरेशनच्या आधी फोन केला होता, नंतर नाही, आणि टिल्लीला जागं करू का असं विचारलं होतं, आणि मी पुढे जा म्हटलं. की ती पाच होती.

आईने इस्त्री उभी करून ठेवली. तिने रागवावं म्हणून मी वाट बघत होते, मला ते हवं होतं. तिने विचारलं, "मला ब्लीप का नाही केलंस?"

"तू थिएटरमध्ये होतीस."

"मी नेहमीच थिएटरमध्ये असते," आई म्हणाली. मग ती खाली बसली, धुण्याच्या यंत्राला पाठ टेकून, टिल्लीशेजारी. इतक्या वर्षांत मी तिला जमिनीवर बसलेली पाहिली नव्हती. टिल्लीने मोजा तोंडात धरून जरा बाजूला सरकवला आणि तिला जागा करून दिली. आई कितीतरी वेळ तिच्या पोटावरून, टाके होते त्या रेषेवरून बोट फिरवत राहिली, पेशंटला तपासतात तसं नव्हे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला विचारलं असतंस तरी मीही 'हो'च म्हटलं असतं, शुभू. पण मग तो 'हो' माझा असता."

फ्रिजवरचं ते पान तिने त्या संध्याकाळी काढलं. फाडलं नाही. घडी घालून माझ्या बॅगेत, चादरींच्या मध्ये ठेवलं.